इस्त्रीच्या टेबलावरची शर्यत

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांचा उजवा पाय गावभर प्रसिद्ध होता. बावीस वर्षं ते शिकणाऱ्या माणसाच्या शेजारी बसत आले होते, आणि त्या शेजारच्या सीटपुढे एकच पेडल होतं, जादा ब्रेकचं. समोर कुत्रं आलं, दाब. शिकाऊ ताईंनी घाबरून डोळे मिटले, दाब. शिकाऊ काकांनी ‘हे मधलं कशाचं हो?’ असं चालत्या गाडीत विचारलं, दाब. या पायाने किती कुत्री, किती विजेचे खांब आणि किती संसार वाचवले याची गणती नव्हती. घरी जेवताना बायकोने भाजीचं पातेलं जरा जोरात पुढे सरकवलं, तरी टेबलाखाली सरांचा पाय खाडकन फरशीवर आपटायचा.

या पायाला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती म्हणजे वेग. स्कूलची गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही, हा नियम सरांनीच केलेला. घरात दुसरी गाडी नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही नवराबायको टपावर ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’ अशी पाटी असलेल्या गाडीतूनच बाजारात जायचे. आणि लोक अंतर ठेवायचे. काही जण तर गल्लीच बदलायचे.

सगळं सुखात चाललं होतं, पण बेकरीवाल्या आजींनी घात केला. अडुसष्टाव्या वर्षी, सहाव्या खेपेला त्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाल्या. सरांनी हुश्श केलं. आणि दुसऱ्याच दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एक लाल गाडी सूं करून सरांच्या बाजूने पुढे गेली. खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि हलला.

“येते हं, सर!”

सरांच्या शेजारी त्या वेळी एक शिंपी शिकत होता. त्याने भाबडेपणाने विचारलं, “सर, त्या तुमच्याच ना? मग तुम्ही मागे कसे?”

तो प्रश्न सरांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. घरी आले, जेवायला बसले, घास हातात धरून म्हणाले, “अगं, मी कधी पूर्ण दाबलेलंच नाही.”

“काय दाबलं नाही?” बायकोने विचारलं.

“ॲक्सिलरेटर. पार तळापर्यंत. आयुष्यात एकदाही नाही.”

बायको पोहायला शिकवायची. म्हणजे यांचा धंदा माणसांना थांबवण्याचा आणि तिचा ढकलण्याचा. उंच फळीवर पाय लटपटत उभ्या असलेल्या पोरांच्या मागे जाऊन ती अशी काही शिट्टी मारायची, की पोर आधी पाण्यात पडायचं आणि मग घाबरायचं.

“मग दाबा की,” ती म्हणाली.

“कुठे दाबू? ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर वेगात पकडला गेला, तर स्कूलला कुलूप लागेल. आणि रस्त्यावर माणसं असतात गं. मी त्यांनाच वाचवायला बसलोय ना?”

“हे मात्र खरं,” म्हणून तिने त्यांच्या ताटात काकडी वाढली. पण तिला चैन पडेना. ज्याला उडी मारायचीय आणि मारता येत नाही असा माणूस दिसला, की तिचा हात आपोआप शिट्टीकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी ती तलावावरून येताना टर्बोच्या दुकानात शिरली. टर्बो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. चालायला गोगलगाय, बोलायला तोफखाना, म्हणून टर्बो. सर त्याला पुरते ओळखून होते, कारण टर्बो त्यांच्या हाताखाली शिकून चार वेळा परीक्षेत नापास झाला होता. चौथ्या वेळी तर त्याने परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच फुटपाथवर चढवलं होतं. पण हाच टर्बो दर रविवारी गावातल्या आठ-दहा जणांची कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत भरवायचा. प्रत्येक जण आपापल्या घरी स्टिअरिंग धरून बसायचा, आणि पडद्यावर सगळे एकाच रस्त्यावर पळायचे. सिम रेसिंग म्हणतात याला, असं त्याने काकूंना एका दमात सांगितलं, वर हेही सांगितलं, की तिथे तो तीन वर्षं चँपियन आहे.

“गाडी आपटली तर?” काकूंनी विचारलं.

“एक बटण दाबायचं, काकू. नवी गाडी.”

“आणि माणूस?”

“माणूस खुर्चीत असतो. चहा पीत.”

संध्याकाळी ती सरांना हाताला धरून तिथे घेऊन गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत टर्बोचा स्वतःचा थाट होता. शर्यतीच्या गाडीची खोल सीट, तीन पडदे, आणि वळणावर सीटच कलंडते अशी सोय. टर्बो आत बसला, पडद्यावर रस्ता पळायला लागला, आणि सरांनी उभ्या उभ्या फरशीवर तीनदा ब्रेक मारला.

“हे असलं काही नको,” सर म्हणाले. “माझं बजेट म्हणजे घरात जे काही पडून आहे ते, आणि वर फार तर एखादी वस्तू.”

“बास! एकच वस्तू लागते, सर. स्टिअरिंग आणि पेडलं, त्याचा एक संच येतो, जुना आहे माझ्याकडे. लोक आधी सीट घेतात, मग पडदे घेतात, मग हातमोजे घेतात, आणि मग चालवायचं राहूनच जातं. तुम्ही उलटं करा. बाकी सगळं घर देतं. कॉम्प्युटर आहे?”

“पोरीचा आहे. नोकरीला बाहेरगावी गेली तेव्हा ठेवून गेली.”

“आणा. आत चित्रं पळवणारं एक जुनं कार्ड घालून देतो, पळेल. टीव्ही जोडा, पण त्यात गेमची सेटिंग असते ती लावा. नाहीतर तुम्ही आज वळाल आणि गाडी उद्या वळेल.”

“आणि तुला काय द्यायचं?”

टर्बोची तोफ पहिल्यांदाच हळू वाजली. “मला पाचव्या परीक्षेला बसवा. पास होईपर्यंत फुकट शिकवायचं.”

सरांच्या डोळ्यांपुढे फुटपाथवर बसलेले ते साहेब आले. याच्यापेक्षा नव्या मोटारी घेतल्या असत्या तर स्वस्त पडल्या असत्या. पण बायकोने मागून कोपर मारलं, आणि सौदा ठरला.

आता घराने काय काय दिलं ते ऐका.

आधी स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळलं. हे स्टिअरिंग हाताला खरेखुरे हिसके देतं, रस्ता खडबडीत असला की थरथरतं. पहिल्याच वळणाला टेबल असं थरथरलं, की पाण्याचा तांब्या सरकत सरकत कडेला गेला आणि सरांच्या मांडीवर उतरला. मग बायकोने इस्त्रीचं टेबल आणलं. हवं तेवढं खालीवर होतं, घडी घालून दाराआड ठेवता येतं. फक्त ते डुलायचं. म्हणून पोहण्याच्या तलावातली रांगा आखायची जुनी दोरी आणून ते खिडकीच्या गजांना बांधलं.

खुर्ची ऑफिसची, चाकांची. सर बसले, पेडलं पायाखाली घेतली, आणि पहिला ब्रेक मारला. तो असा-तसा ब्रेक नव्हता, बावीस वर्षांचा होता. खुर्ची सरांना घेऊन मागच्या मागे निघाली, दारातून बाहेर पडली आणि थेट स्वयंपाकघरातल्या फ्रीजला जाऊन टेकली.

“आलात?” बायको म्हणाली. “आलाच आहात तर कोथिंबीर निवडा.”

टर्बोला फोन लावला. तो म्हणाला, “सोपं आहे. चाकं बुटांत घाला. प्रत्येक चाक एका बुटात. मी पहिलं वर्षभर असंच केलं.”

उपाय नामी होता, पण खुर्चीला चाकं पाच, आणि माणसं बूट जोडीने घेतात. बायकोचे खेळायचे दोन, सरांचे जुने दोन, आणि पाचव्याला सरांचा चांगल्यातला डावा बूट. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत तो काढायला गेले, तर चाक आत असं रुतलेलं की निघेना. सर उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात चप्पल घालून शिकवायला गेले. त्या दिवशीची शिकाऊ एक नर्स होती. तिने खाली पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “सर, क्लचचा पाय वेगळा ठेवायचा असतो का?” दुसऱ्या दिवशी ती स्वतः तशीच आली.

उरली पेडलं. तीही पुढे सरकायची. त्यांच्या आणि भिंतीच्या मधे बायकोने पोरांच्या पोहायच्या फोमच्या फळ्या ठासून बसवल्या. सगळं जागेवर बसल्यावर सरांनी ब्रेक दोनदा दाबून पाहिला आणि नाक मुरडलं.

“हा ब्रेक आहे? हा तर लोण्याचा गोळा.”

त्यांनी एक रबरी चेंडू चिरला, अर्धा भाग ब्रेकच्या पेडलामागे बसवला, दाबला, परत काढला, कडा तासली, परत बसवला. असं दोन तास चाललं. शेवटी ब्रेक असा झाला, की केसाएवढा जोर कमीजास्त केला तरी गाडीला कळावा. टर्बो बघायला आला होता. तो तोंडात बोट घालून म्हणाला, “नवीन माणूस आधी ॲक्सिलरेटर बघतो, सर. ब्रेकवर जीव टाकणारं असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय.”

त्याच दिवशी सरांनी पहिली फेरी मारली. मारली म्हणजे काय, सीटबेल्ट शोधला. आरसा शोधला. आरसा नाही म्हणून बायकोचा हातातला आरसा टीव्हीच्या कोपऱ्याला चिकटवला, तर त्यात मागचा रस्ता न दिसता बायको दिसली, हसताना. मग ‘निघतोय’ असं मोठ्याने सांगून सर निघाले.

टर्बोची मंडळी ती फेरी एक मिनिट पन्नास सेकंदांत मारायची. सरांना चार मिनिटं दहा सेकंद लागली. कॉम्प्युटरने सोडलेली गाडी पुढे गेली की ब्रेक, मागून आली की ब्रेक, आणि कुणीच नसलं की संशयाने ब्रेक. पण फेरी संपली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“अगं, सत्तर!” ते ओरडले. “सत्तरला गेली होती! पाहिलंस?”

“पाहिलं. एक जण दोनदा पुढे गेला तुमच्या.”

“जाऊ दे त्याला! सत्तर!”

मग काय विचारता. रोज क्लास संपला की सर खुर्चीत. दोन मिनिटं पंचावन्न सेकंद. मग पन्नास. मग एक्केचाळीस. स्कूलमध्ये पाठ घेताना हात हवेत वळणं घ्यायला लागले. भाजीवाल्यासमोर ते म्हणाले, “तिसऱ्या वळणाला आतून घुसायला पाहिजे,” तेव्हा रांगेतल्या बाईंनी पिशवी छातीशी धरली.

शनिवारी टर्बोने त्यांना पहिल्यांदा सगळ्यांसोबत सरावाला बोलावलं. कानाला लावायला सरांनी पोरीचा जुना हेडफोन घेतला, त्याला तोंडापुढे माइक होता. त्यांना वाटलं, तो शोभेचा असावा.

आणि इथे घोटाळा झाला.

सरांना गाडी चालवताना बोलायची सवय. बावीस वर्षं तोंड आणि पाय एकत्र चाललेले. शिवाय टर्बोच्या मंडळींपैकी निम्म्याहून जास्त मंडळी गाडी शिकली होती ती सरांकडेच, हे सरांच्या ध्यानातच नव्हतं. शर्यत सुरू झाली. पहिल्या लांब सरळ रस्त्यावर नऊ गाड्या नाकाला नाक लावून पळत होत्या. सर शेवटी होते. समोर वळण दिसलं आणि सर आपल्या नेहमीच्या आवाजात गरजले, “ब्रेक! ब्रेक मारा, ब्रेक!”

सहा जणांनी ब्रेक मारला. जिथे होते तिथे, दोनशेच्या वेगात, हातातलं सोडून. पहिली गाडी आडवी झाली, दुसरी तिच्यावर चढली, तिसरी हवेत गेली आणि प्रेक्षकांच्या तंबूपलीकडे दिसेनाशी झाली. टर्बो सगळ्यांत पुढे होता, त्याला तर मागून चौघे लागले. तीन वर्षांचा चँपियन टपावर घसरत घसरत सरांच्या गाडीसमोर येऊन थांबला. सर अर्थातच वेळेत थांबले होते.

हेडफोनमध्ये आधी आदळआपट. मग एक बाई चाचरत म्हणाली, “सर? तुम्ही आहात?” ती परवाची नर्स.

“मी लगेच मारला सर, शपथ!” हा शिंपी. “क्लचपण दाबला!”

“इथे क्लच नाहीये रे,” कुणीतरी कण्हलं.

“तो प्रश्न नंतर,” सर म्हणाले. “अंतर कुणी ठेवलं होतं? एकानेही नाही!”

“सॉरी, सर,” सहा आवाज एकदम.

“अहो कसलं सॉरी!” टर्बो उलट्या गाडीतून किंचाळला. “सर, तुमचा माइक चालू आहे! तुम्ही एका शब्दात आठ गाड्या भंगारात काढल्या!”

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आवाज नरम होता, पण शब्द नरम नव्हते. “सर, तुम्हाला आमच्या शर्यतीत यायचं असेल तर आता नियमाने यावं लागेल. मंडळी चिडलीत. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, अकरा वाजता, नवीन माणसाने एकट्याने तीन फेऱ्या मारायच्या. त्यातली एक दोन मिनिटांच्या आत. बसली तर यंदाच्या हंगामात घेतो. नाही बसली तर वर्षभर बघायचं. पुढची भरती वर्षानेच.”

“आणि वर्षभर काय करू?”

“आरसा पुसा,” टर्बो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सरांची चांगल्यातली चांगली वेळ होती दोन मिनिटं एक्केचाळीस. आठवडा हातात. बायकोने तलावावरचं स्टॉपवॉच आणलं, स्टूल ओढून शेजारी बसली, आणि दोघांनी सराव मांडला. सोमवारी दोन तीस. मंगळवारी दोन एकोणीस. वळणांत तर सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. ब्रेक कुठे सुरू करायचा, किती सोडायचा, कधी पार सोडायचा, हे त्यांच्या पोटरीत लिहिलेलं होतं. बुधवारी दोन अकरा. गुरुवारी दोन दहा. शुक्रवारीही दोन दहा.

तिथे गाडं अडलं.

शनिवारी बायको स्टुलावरून उतरून जमिनीवर बसली आणि सरांच्या पायाकडे बघायला लागली. फेरी संपली तसं म्हणाली, “अहो, तुम्ही अर्धंच दाबताय.”

“छे! पूर्ण दाबतोय.”

“अर्धं. खाली दोन बोटं जागा राहते. मोजलीत मी.”

सरांनी वाकून पाहिलं, परत दाबलं. दोन बोटं उरली. दात-ओठ खाऊन दाबलं, तरी दोन बोटं. पाय त्यांचाच, पण तेवढ्यापुरता तो कुणा परक्याचा असल्यासारखा थांबायचा.

“पाय जात नाही गं,” ते शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “समोर कुणी नाही हे मला कळतं. त्याला कळत नाही.”

बायकोने स्टॉपवॉच बंद केलं. आणि तिने त्यांच्याकडे जसं पाहिलं, ते पाहून उंच फळीवरची पोरं आपणहून उडी मारतात.

रविवारी अकराला पाच कमी असताना मंडळी जमली, म्हणजे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसली. पडद्यावर एकच गाडी, सरांची. बायको आली आणि टेबलाखाली शिरली. उठली तेव्हा हात झटकत होती.

“काय केलंस?”

“ॲक्सिलरेटरच्या खाली टॉफी ठेवली. खोल पाण्यात पहिली उडी मारणाऱ्या पोराला देते ना, तीच. तुम्ही पूर्ण दाबलंत तर चिरडेल. नाही दाबलंत तर मी खाईन.”

“अगं, हा काय पोरखेळ आहे?”

“सर, माइक चालू आहे,” हेडफोनमध्ये शिंपी अदबीने म्हणाला. “आम्हाला पण टॉफीचं ऐकू आलं.”

टर्बोने खाकरून आकडे मोजले आणि सर निघाले. पहिली फेरी स्वच्छ, काळजीपूर्वक. दोन आठ. बायको वाकली. “शाबूत.”

दुसऱ्या फेरीत सरांनी वळणं अशी काही घेतली, की टर्बोसुद्धा ‘अरे वा’ म्हणून गेला. सरळ रस्ता आला की मात्र गाडी पेन्शन आणायला निघाल्यासारखी. दोन चार. “शाबूत,” बायको म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाजही बसला.

“शेवटची, सर,” टर्बो म्हणाला. त्याच्या बोलण्यातली मस्ती कुठल्या कुठे गेली होती. “चार सेकंद काढायचेत. सरळ रस्त्यावर जरा दाबा हो. मी रस्त्यावर कसा दाबतो बघितलंय ना तुम्ही?”

“बघितलंय, म्हणूनच नाही दाबत!”

सर सुरुवातीची रेघ ओलांडून लांब सरळ रस्त्यावर आले. कपाळावर घाम. रस्ता कोरा, समोर ना कुत्रं, ना माणूस, ना खांब. पाय गेला, गेला, आणि दोन बोटांवर थबकला. सरांनी त्याला मनातल्या मनात हात जोडले. पाय ढिम्म.

आणि बायकोने त्यांच्या कानाशी शिट्टी मारली.

तलावाच्या चारी भिंतींना पुरणारी ती शिट्टी, साडेतीन हात रुंदीच्या खोलीत. हेडफोनमधून ती आठ घरांत एकदम वाजली. शिंप्याच्या हातातला कप पडला. नर्सने उभं राहून ‘येस सिस्टर’ म्हटलं. आणि सरांचे दोन्ही पाय विजेचा धक्का बसावा तसे ताठ झाले. डावा भिंतीवर आपटला. उजवा, पेडलासकट, खाली. पार खाली. फच्च असा आवाज आला.

“चिरडली!” बायको ओरडली.

गाडी अशी उसळली, की स्टिअरिंग सरांच्या हातात जनावरासारखं थरथरायला लागलं. दीडशे. एकशे ऐंशी. सरांनी घाबरून पाय उचलला. गाडी पळतच होती. दोनशे.

“अगं, मी सोडलाय! पाय सोडलाय! ही का पळतेय?”

बायको खाली वाकली. टॉफी फुटून तिचा चिक पेडलाच्या खाली पसरला होता, आणि पेडल जमिनीला असं चिकटलं होतं, जणू तिथेच जन्मलं. “चिकटलं हो! वर येत नाही!”

“अगं ओढ!”

“ओढतेय! टॉफी भारी आहे!”

दोनशे वीस. समोर वळण धावत येत होतं. ॲक्सिलरेटर आता सरांच्या हातात, पायात, कशातच नव्हता. तो कुणा वेड्या शिकाऊ माणसाने दाबून धरल्यासारखा तळाला बसला होता, आणि सरांच्या पायाखाली उरलं होतं एकच पेडल.

एकच पेडल! सरांचा चेहरा एकदम शांत झाला. बायकोने नंतर सांगितलं, की त्यांनी चक्क खुर्चीत पाठ टेकली. अहो, हेच तर ते बावीस वर्षं करत होते. शेजारचा माणूस जीव खाऊन पळवतोय, आणि आपण फक्त ब्रेकवर.

“बरं,” सर म्हणाले. “पळवा तुम्ही. मी बसलोय.”

ब्रेक! अर्धा चेंडू दबला, गाडीचं नाक खाली झुकलं, सरांनी केसाएवढं सोडलं, आणि गाडी वळणाच्या आतल्या कडेला घासून बाहेर पडली. आणि बाहेर पडल्याबरोबर, कुणी विचारायच्या आत, परत पूर्ण वेगात. दुसरं वळण. दाब, सोड, जरा सोड, गेली! तिसऱ्याला आतून घुसले. इस्त्रीचं टेबल डुलायला लागलं, दोरी ताणली गेली, गज वाजायला लागले. पाचपैकी एक बूट फाटला आणि खुर्ची कलंडली. सर तिरके बसून चालवत होते.

“सर, एक मिनिट दहा!” टर्बो केकाटत होता. “अर्ध्याच्या पुढे आहात! सर, तुम्ही माझ्याइतके... अहो, ब्रेक कसा मारताय हा? कुणी शिकवला?”

“मी शिकवतो!” सर ओरडले. “तू लक्ष देत नव्हतास!”

“शेवटचं वळण, सर, शेवटचं!” नर्स रडायच्या बेतात होती.

शेवटच्या वळणाला सरांनी सगळ्यांत उशिरा ब्रेक मारला. इतक्या उशिरा, की हेडफोनमध्ये आठही जणांनी आपापल्या घरी फरशीवर पाय आपटल्याचे आवाज आले. गाडी कडेच्या रंगीत पट्ट्यावरून खडखडत गेली, गवताला शिवली, सरळ झाली, आणि रेघ ओलांडली.

बायकोने स्टॉपवॉच दाबलं आणि डोळ्यांजवळ नेलं. तिला एकदम आकडे दिसेनात.

“एक अठ्ठावन्न!” टर्बो म्हणाला. “एक अठ्ठावन्न, सर! बसली! तुम्ही आत! पुढच्या रविवारी सगळ्यांसोबत! आणि माइक बंद करून!”

एकच कल्ला उसळला. शिंपी टाळ्या वाजवत होता, नर्स ‘सर, सर’ एवढंच म्हणत होती. गाडी मात्र अजून पळतच होती, कारण टॉफीला निकाल कळला नव्हता. बायको स्वयंपाकघरात धावली, मोठा चमचा घेऊन आली, टेबलाखाली शिरली आणि पेडलाखाली चमचा घालून खरवडायला लागली. कटकन आवाज झाला, पेडल सुटून वर आलं. पडद्यावर गाडी हळू होत गेली. शंभर, ऐंशी, साठ.

“झालं, सर,” टर्बो म्हणाला. “थांबवा आता. या बाहेर.”

गाडी चाळीसवर आली. सरांनी पडद्याकडे पाहिलं. पुढे तोच लांब सरळ रस्ता, ऊन पडलेला, रिकामा. आता पेडलाखाली टॉफी नव्हती, कानाशी शिट्टी नव्हती. त्यांनी उजवा पाय ब्रेकवरून उचलला, ॲक्सिलरेटरवर ठेवला, एक श्वास घेतला, आणि दाबला. दोन बोटं उरली. एक उरलं. मग एकही नाही.

“अहो!” टेबलाखालून बायको ओरडली. “अहो, थांबा! चमचा अडकलाय! वाकला चमचा!”

“राहू दे गं,” सर म्हणाले, आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरलं होतं. “वळण अजून लांब आहे.”